बिनसोन्याची पणती

राजमतीकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते तिच्या बोटांमुळे. साल पासष्ट-सहासष्ट असेल. महाद्वार रोडलगतच्या एका बोळात धनपाल चौगुल्यांचं रबरी शिक्क्यांचं दुकान होतं. शाळेचा शिक्का आणायला गेलं की धनपाल आत बायकोला हाक मारायचे आणि पडद्याआडून एक हात तयार शिक्का पुढे करायचा. त्या हाताची बोटं सोनेरी होती. अंगावर म्हणाल तर मंगळसूत्रापलीकडे सोनं नव्हतं. हे सोनं डबीतल्या पुडीचं.

शिक्क्यांचं उरलेलं रबर राजमती टाकू देत नसे. श्रावण लागला की दाढीच्या जुन्या पात्यानं त्यावर पणती, कमळ, हत्ती कोरायला बसायची. दिवाळीच्या कार्डांसाठी. पणतीचा ठसा निळ्या शाईत उमटायचा. ज्योतीचा ठसा वेगळा, बोटाच्या पेराएवढा. तो डिंकाच्या पाण्यात बुडवून वातीच्या टोकाला दाबायचा. डिंक ओला आहे तोवर सोनेरी पूड भुरभुरायची आणि कार्ड उलटं करून मागून टिचकी मारायची. ज्योत तेवढी सोन्याची राहायची. नात्यातल्या आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी एक कार्ड जाई. विकलं तिनं एकही नाही.

"माझा शिक्का कुणी भिंतीला लावत न्हाय," धनपाल गिऱ्हाइकांना सांगायचे. "हिचा लावत्यात."

धनपालांची थोरली बहीण पेठ वडगावला असे. तिला सगळे आक्का म्हणत. आई लवकर गेल्यावर धनपालांना तिनंच वाढवलं होतं, त्यामुळे राजमतीची सासू म्हणाल तर तीच. माहेरचंही कुणी उरलं नव्हतं. डोक्यावर हात ठेवणारं एवढं एकच माणूस. आक्का तरुणपणीच विधवा झालेली, पदरात एकुलता भरतेश. राजमतीला मूल नव्हतं. मामीचं कार्ड आलं की भरतेश ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचा, एकाखाली एक.

बहात्तरच्या भाद्रपदात भरतेश काविळीनं गेला. कॉलेजात होता.

पाठोपाठ दिवाळी आली. दुःखाच्या घरी पहिल्या वर्षी कंदील लागत नाही, कढई चढत नाही, शुभेच्छाही कुणी धाडत नाही. राजमतीनं वडगावचं कार्ड केलं नाही. दिवाळी सरल्यावर रीतीप्रमाणे फराळाचा डबा घेऊन गेली, तर आक्कानं तिला उंबऱ्यातच थोपवलं.

"पोस्टमन गल्लीत आला की दारात येऊन उभारत होतो मी."

राजमतीला आधी कळेचना. "आक्का, दुःखाच्या घरात कार्ड कसं धाडू?"

"पोरगं गेलं माझं. मी हाय की अजून. का मलाबी त्याच्यासंगं घालवलंस?"

डबा तसाच परत आला. पुढच्या राखीला धनपाल एकटेच वडगावला गेले. आक्कानं राखी बांधली, जेवू घातलं, पण भावजयीचं नाव काढलं नाही.

त्याच श्रावणात राजमती कोरीव ठसे घेऊन बसली. कार्ड न धाडून आक्का तुटली होती. आणि भरतेश नसलेल्या घरात सोन्याची ज्योत धाडायला हात धजत नव्हता. तिनं निळी पणती उमटवली, वातीच्या टोकाला डिंकाचा ठसा दाबला आणि पुडीची डबी उघडून परत मिटली. डिंक तसाच वाळला. कार्ड तिरकं धरलं तरच ज्योत दिसायची, पाण्याच्या ओघळासारखी.

पोस्टात टाकायचं धाडस झालं नाही. दिवाळीच्या दिवशी एसटीनं ती स्वतःच कार्ड घेऊन वडगावला गेली. आक्कानं ते उजेडाकडे धरलं. वातीच्या टोकावरून बोट फिरवलं.

"पूड संपली व्हय?"

"न्हाय. लावली न्हाय."

आक्कानं कपाटाचं दार उघडलं. भरतेशनं लावलेल्या शेवटच्या कार्डाखाली एका कार्डाची जागा मोकळी सोडून हे चिकटवलं. मग मागं न वळताच म्हणाली, "पावण्यावानी दारात काय उभारलीस? आत ये. हातपाय धू."

हळूहळू गल्लीतल्या बायका दुःखाच्या घरी धाडायला तसलंच कार्ड मागू लागल्या. "वैनी, एक बिनसोन्याचं द्या," म्हणायच्या. वडगावला तर दर वर्षी तेच गेलं. सोनं लावू का, असं राजमतीनं कधी विचारलं नाही आणि आक्कानंही मागितलं नाही.

ब्याऐंशीत धनपाल गेले. त्या दिवाळीला ठसे डब्यातच राहिले. राजमतीच्या घरी कार्ड धाडायचं कुणाला सुचणार? धाडणारी तीच एकटी होती. पाडव्याला आक्का काठी टेकत आली. फळीवरचा डबा काढून तिनं ठसे चाचपले, एका कोऱ्या कार्डावर पणती दाबली. पणती एका अंगानं पसरली. डिंकाची ज्योत वातीपासून बरीच लांब पडली.

राजमतीनं कार्ड हातात घेऊन तिरकं धरलं. "डिंक लई झाला, आक्का."

"मला काय ठावं? तू कुठं शिकवलंस?"

त्या खेपेला आक्का वडगावला परतली नाही. दुकानाची जागा आता एका घड्याळजीला भाड्यानं दिली आहे. मागच्या खोलीत दोघी राहतात.