कोरडे पोपट

शाईची पेन्सिल कोरडी असते तोवर राखाडी उमटते. पाणी लागलं की जांभळी होते. बाबा मोहाडीच्या बाजारात पोत्यांवर असल्याच पेन्सिलींनी नावं लिहीत. त्यातली एक आईने मागून घेतली, काकाच्या छातीचा जुना एक्स-रे कापून पोपटाचा छाप केला आणि बाबांच्या विरलेल्या धोतरावर पोपट रेखायला बसली. ताईच्या बाळाच्या गोधडीचं ते वरचं कापड.

ताईचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे झालं होतं. ते बाळ राहिलं नाही. दुसऱ्या वेळी एकोडीच्या सासरच्यांनी तिला माहेरी पाठवलंच नाही. तेव्हापासून आईचा पाय घरात ठरेना.

बाळ यायच्या आधी गोधडीला सुई लावायची नाही, ही आमच्याकडची रीत. पहिल्या वेळी आईने हौसेने सगळं आधीच शिवून ठेवलं होतं. या वेळी तिने रीतीत स्वतःची भर घातली: पाणीही लावायचं नाही.

मला ते मेले राखाडी पोपट बघवत नसत. तुरटीच्या पाण्याचा बोळा छापाच्या आत टेकवला की रंग आला, एवढं सोपं काम.

“एक तरी रंगवू दे ना, माय.”

“कायले घाई करून राहिली?”

“मंग रेखलं तरी काहून?”

“हात रिकामा राह्यला का डोक्स फिरते माहं.”

पावसाळा लागला. गळतीच्या धाकाने आई कापड या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हलवायची. शेवटी ते पत्र्याच्या डब्यात गेलं. ओल्या हाताने मला तिकडे फिरकू देत नसे. मी चिडायची, पण हळूहळू मीही हात पुसूनच तिकडे जायला लागले.

एका दुपारी भाऊजी दारात उभे राहिले. एकटे, चिंब भिजलेले. मुळात अबोल माणूस, त्यात चपला काढायला केवढा वेळ लावला. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. आईने पाण्याचा गडवा पुढे केला, पण हातातून सोडेना.

“पोरगी झाली,” ते म्हणाले. “दोघीबी बऱ्या आहेत.”

आई गडव्यासकट आत वळली. मी मागे धावले. तिने डब्यातून कापड ओढून जमिनीवर पसरलं आणि अख्खा गडवा त्यावर ओतला. ना तुरटी, ना बोळा. पोपट एकमेकांत वाहत गेले, सगळं धोतर जांभळं झालं. त्यातच बसून ती मोठ्याने रडायला लागली.

बाहेरून भाऊजींनी हळूच विचारलं, “प्याले पाणी भेटन का?”

आईने जांभळ्या हातांनी डोळे पुसले आणि मला म्हणाली, “सुई आण.”