विहिरीत सोडलेला डबा

आमच्या यांना मोहल्ल्यात सगळे काचवाले मास्तर म्हणत. अकरा वर्षं कॉलेजात फिजिक्सचे डेमॉन्स्ट्रेटर. कोट एकच, छत्री एकच. घरात बोलणं म्हणाल तर मीठ वाढ आणि दार लाव. काही विचारावं तर "तुला नाही समजायचं." की माझं टाळकं फिरलंच!

एकेचाळीस सालच्या मार्चात विलायतेहून आलेल्या, फोटोला वापरतात तसल्या लेपाच्या काचांचे दोन डबे यांनी घरी आणले. आत काळा कागद, वरून मेण. लढाई सुरू होती, पुन्हा अशा काचा मिळायच्या नव्हत्या. एक डबा पचमढीच्या डोंगरावर न्यायचा, दुसरा नागपुरात, महाल पेठेतल्या आमच्या घरी माळ्यावर ठेवायचा. "उजेड लागू देऊ नको, तापू देऊ नको," एवढं मला बजावलं. कशाला, ते नाही. सुट्टी लागताच हे पचमढीला जाऊन बसले ते जूनअखेरपर्यंत.

आणि इकडे नागपूरचा उन्हाळा! माळ्यावर हात लावला तर चटका बसे. काचा बिघडल्या तर माणूस वेडा होईल, या धास्तीने मला झोप लागेना. आम्ही बायका उन्हाळ्यात लोणी डब्यात घालून विहिरीत सोडतो. तसाच तो डबा मी पितळी डब्यात कोंबला आणि दोराने खाली सोडला, पाण्याच्या हातभर वर. मृग लागल्यावर काढून माळ्यावर ठेवून दिला. स्वतःची पाठ थोपटली आणि विसरले.

पुढे दोन महिने हे दुर्बीण लावावी तसे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काचांवरच्या रेघा मोजून राहिले होते. भाद्रपदातल्या एका सकाळी जेवताना माणूस चक्क हसला.

"अगं, आभाळातून किरण येतात. त्यांच्या रेघा काचेच्या लेपात उमटतात. पचमढीला भरपूर, आणि आपल्या घरी अगदीच थोड्या. इतका फरक कुणालाच आढळला नाही. म्हणजे काही कण खाली येता येता वाटेतच मरतात! आज पत्र विलायतेला जातंय. छापून आलं की संशोधनाची खोली मला, असं आमच्या साहेबांनी, महादेवरावांनी कबूल केलंय."

"छपरातून येतात ते किरण?"

"छप्पर काय, भिंतीही अडवत नाहीत. त्यांना अडवायला खोल जमीन लागते."

माझ्या हातातली पळी खाली पडली. यांना वाटलं, आनंदाने. हात धुऊन गेलेसुद्धा.

मी चुलीपुढे बसून राहिले. गप्प राहिले तर यांचं नाव होईल. बोलले तर अकरा वर्षं मातीत, तीही माझ्या हाताने. विहिरीचं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? पण उद्या विलायतेतल्या कुणी तसंच करून पाहिलं आणि यांना खोटं ठरवलं तर? दोनच्या टपालाला पत्र जाणार होतं. बारा वाजून गेले. देवाला हात जोडले, चपला घातल्या आणि भर उन्हात कॉलेज गाठलं.

दारात रुपराव चपराशी आडवा. "काहून आल्या जी बाई? आत सायेब बसून राहिले."

"सरक बाजूला!"

आत महादेवराव, यांचे वरिष्ठ, पत्रावर सही करून लाख तापवत होते. मी एका दमात सगळं ओकले. उन्हाळा, पितळी डबा, विहीर. हे भिंतीसारखे पांढरे पडले.

महादेवराव हळूच म्हणाले, "गिरिधरराव, विहीर बघायला विलायतेहून कोण येतंय? जाऊ द्या पत्र."

देवाशपथ सांगते, त्या घडीला मलाही वाटलं, जाऊ दे. यांनी हात पुढे करून पत्र घेतलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं.

घरी आल्यावर मी शिव्यांची वाट पाहत होते. हे विहिरीत दोर सोडून मापत बसले. अडतीस फूट. मग वहीत लिहिलं: "खालचा डबा विहिरीत होता. चूक माझी. काय ठेवलंय आणि कशासाठी, ते घरी सांगितलं नाही."

ते वाचून मी उसळले. "कॉलेजच्या पोरांना रोज सांगता! मला एकदा सांगायला जीभ झडत होती काय हो?" आणि ढसाढसा रडले.

खोली दुसऱ्याला मिळाली. लढाई संपेपर्यंत काचा काही आल्या नाहीत. सत्तेचाळीस साली विलायतेतल्या लोकांना डोंगरावर ठेवलेल्या काचांत नवाच कण सापडल्याची बातमी आली. यांनी ती मला वाचून दाखवली, अर्थही समजावून सांगितला. एव्हाना सगळंच सांगत.

मी भीत भीत विचारलं, "आपलाच होता का हो तो?"

"कोण जाणे," हे म्हणाले. "डबा माळ्यावर राहिला असता तर कळलं असतं."

आवाजात राग नव्हता. असता तर मला भांडता तरी आलं असतं.