वळ्ळीचा चेहरा

भाचीने टर्पेंटाइनची बाटली उघडली आणि माझं डोकंच फिरलं. त्या वासासरशी मी पुन्हा सोळा वर्षांची झाले.

तेव्हा मी तैलरंग शिकत होते. मास्तरांनी भातलावणी करणाऱ्या बायकांचं एक छापील चित्र समोर ठेवून हुबेहूब काढायला सांगितलं होतं. पुढच्या बाईचा गोरा, पावडर लावल्यासारखा चेहरा मला खोटा वाटला. तिथे मी वळ्ळीचा चेहरा काढला. वळ्ळी आमच्याच शेतात लावणी करायची. मागच्या दारातून चित्र पाहून ती लाजून हसली, "अय्यो, ही तर मीच!"

अप्पा भडकले. "कूडमात, देवांच्या शेजारी हिला टांगणार? चेहरा बदल!" कूडम म्हणजे आमची बैठक. तिथे सोन्याच्या वर्खाचे देव होते आणि वळ्ळीला उंबरठा ओलांडायची मुभा नव्हती. छापील चित्रातली अनोळखी बाई मात्र त्यांना चालत होती!

तैलरंग चार-चार दिवस ओला राहतो. टर्पेंटाइनची चिंधी दोनदा फिरली, वळ्ळी गेली; तिच्या जागी छापील चित्रातली ती गोरी बाई आली.

ते चित्र अजून कूडमात आहे. पाहुणे म्हणतात, "काय जिवंत चेहरे काढलेत!"

अप्पांवर मी अजून दातओठ खाते. पण चिंधी त्यांच्या हातात नव्हती.