केळ्याच्या ब्रेडमधलं अंडं

फार पिकलेल्या केळ्यांचा वास आला, की मला तीर्थपुरीतली ती दुपार आठवते. मी नवी सून होते. घरात अंड्याचं नावही निघत नसे. सासूबाई देवळात गेल्याचं बघून मी केळ्याच्या ब्रेडमध्ये चक्क एक अंडं फोडलं, अक्रोड घातले आणि कुकरच्या तळाशी मीठ पसरून, शिट्टी काढून तो भाजला. खमंग वास गल्लीभर पसरला आणि त्या वासामागोमाग सासूबाईच घरात शिरल्या.

मी अडवायच्या आत त्यांनी गरम तुकडा तोंडात टाकला. आता आपली रवानगी माहेरी, हे नक्की.

"आत्याबाई," मी सासूबाईंना रडतच म्हणाले, "त्यात अंडं हाय."

"ठावं हाय," त्या चावता चावता म्हणाल्या. "एकानं बराबर फुगत न्हाई. दोन टाकत जाय."

आज हसू येतं, पण तेव्हा अंगावर वीज पडल्यासारखं झालं होतं.

"तुम्हाला कसं ठावं?"

"तुझे सासरे गावाला गेले, की मी बी अंडं घालून रव्याचा केक करायची," त्या दुसरा तुकडा उचलत म्हणाल्या. "मंग, दार लाव जल्दी. ते यायलेत मागून."