दोन दिवस बंद ठेवलेला पंप

पेण पोलीस ठाण्यात असताना आलेली ती फिर्याद विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. लग्नाला पाच दिवस झालेली मुलगी सासरी वारली होती. रोह्याजवळच्या गावातले तिचे वडील टोपी हातात धरून माझ्यासमोर उभे होते. "सासूनं विष घातला, साहेब. तिला सोडू नका."

नवविवाहितेचा मृत्यू, म्हणजे तहसीलदारांसमोर पंचनामा आणि व्हिसेरा तपासणीला. अहवालाला महिना लागणार. तोवर मी सासूला रोज ठाण्यात बोलावत होतो. आवाज चढवला की खरं बाहेर पडतं, असा तेव्हा माझा समज होता. बाई एकच सांगायच्या, "ती जेवत नव्हती. सारखी संडासात जायची आणि नळ सोडून ठेवायची. मला वाटलं, नवी नवरी हाय, लाजते." मी टेबलावर हात आपटला. असले बहाणे मी पुष्कळ ऐकले होते.

चौथ्या दिवशी रोह्याच्या एका हवालदाराचा फोन आला. "साहेब, त्या लग्नात जेवलेली आमची भावजय सलाइनवर हाय. वॉर्डात त्याच गावचे आणखी सात-आठ जण हायेत." मी लगेच जीप काढली. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो की काय, ही शंका वाटेतच आली.

वॉर्डातल्या डॉक्टरांनी पाण्यावर संशय घेतला, म्हणून गावात गेलो. गावाला लागून एक कामगार वसाहत होती आणि तिचं सांडपाणी शुद्ध करून कुंडलिका नदीत सोडणारं छोटं केंद्र. लग्नाचा मांडव त्याच्या भिंतीलाच पडला होता. ऑपरेटर एकटाच. नोंदवहीत लग्नाच्या दोन दिवसांची पानं कोरी होती. मी त्यावर बोट ठेवलं आणि तो सांगू लागला.

"मुलीच्या बापानं हात जोडले, साहेब. पंप चालला की टाकीतली घाण ढवळून वास सुटतो. पेणचं वऱ्हाड येणार, नाक दाबतील म्हणाले. दोन दिवस पंप बंद ठेव, पाणी तसंच सोड. पोरीचं लग्न हाय, नाय कसं म्हणू?"

घाण नाल्यातून थेट नदीत गेली. पंगतीला पाणी कमी पडलं, म्हणून नाल्याच्या तोंडाशी असलेल्या काठच्या विहिरीतून पिंपं भरून आणली होती. बाकीची माणसं दवाखान्यात गेली. नवरीने मात्र जुलाब होतात हे नव्या घरात कोणाला सांगितलंच नाही. अंगातलं पाणी संपेपर्यंत ती पोरगी नळाच्या आवाजाआड लपत राहिली. पुढे आलेल्या अहवालातही विष निघालं नाही.

सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या रडल्या. मग म्हणाल्या, "व्याह्यांना नका सांगू. आम्हाला शिव्या देऊन त्यांचा जीव हलका होत असेल, तर देऊ द्या."

पण फिर्याद सासूबाईंवरच होती. ऑपरेटरवर गुन्हा दाखल करावा लागणार होता. सांगणं भाग होतं.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. "वास आला असता तर काय झाला असता, साहेब?" एवढंच विचारलं. मग बाहेर गेले आणि बाकावर बसलेल्या विहीणबाईंच्या पायाशी जमिनीवर बसले.

बाई थोड्या सरकल्या. "व्याही, वर बसा."

दुःखी माणूस खोटं बोलत नसला, तरी त्याचं बोट चुकीच्या माणसाकडे असू शकतं, हे मी त्या दिवशी शिकलो. त्या बाईंची माफी मागावी असं फार वाटलं. वर्दी आड आली. आज वर्दी नाही, पण त्या बाईही नाहीत.