उजव्या कडेचे काळे पट्टे

माझा नवरा मंगळाची छायाचित्रं तपासायचा. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानावरचा एक कॅमेरा पनवेलजवळच्या विद्यापीठातून चालवला जातो. त्या केंद्रात तो बारा वर्षं होता. आलेलं प्रत्येक चित्र आधी त्याच्या नजरेखालून जायचं. त्याने ‘ठीक’ म्हटलं की मगच पुढे.

एका शनिवारी केंद्रात घरच्यांना बोलावलं होतं. खांदा कॉलनीतून आम्ही रिक्षाने गेलो. मोटरसायकल त्याने आधीच विकली होती. “खड्ड्यांनी कंबर गेली,” म्हणाला होता, आणि मला ते पटलं होतं.

आमच्या शाळेच्या शिक्षक खोलीएवढीच ती खोली. चार-सहा संगणक, भिंतीवर मोठा पडदा, आणि एसी इतका की मी पदर अंगभर घेतला. केंद्राच्या प्रमुख मॅडम स्वतः सगळ्यांना चहा देत होत्या. त्याला म्हणाल्या, “सकाळी आलेलं चित्र तुम्हीच दाखवा.”

तो पडद्याशी जाऊन उभा राहिला. एका दरीचा लांबलचक पट्टा होता. कुठे दरड कोसळली, वारा कुठून वाहतो, सगळं त्याने इतकं सोपं करून सांगितलं की मला अभिमान वाटला. शेवटी म्हणाला, “चित्र स्वच्छ आलंय. मी पुढे पाठवलंय.”

मी सहज विचारलं, “मग उजव्या कडेला ते काळे पट्टे कसले?”

तो थांबला. मग त्याने मान पार खांद्यापर्यंत वळवली, तेव्हा कुठे त्याला ते दिसले. हाताएवढे जाड होते. तेवढा भाग आलाच नव्हता. मॅडमनी कप खाली ठेवला.

नंतर जिन्यात त्यांनी त्याला विचारलं, “कधीपासून?”

“दीड वर्ष झालं. काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, कडेचं जातं.”

“सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं तर इथे ठेवलं असतंत?”

मीही तिथेच उभी होते. मलाही हे तेव्हाच पहिल्यांदा कळत होतं.

थेंबांची बाटली तो केंद्रातल्या खणात ठेवायचा, मला दिसू नये म्हणून. म्हणजे सुट्टीच्या दिवशी औषध चुकायचं. डॉक्टर म्हणाले, “गेलेली नजर परत येत नाही. उरलेली सांभाळा.”

ओवे गावी सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “त्याच्या बापाचा पन असाच झाला व्हता. आमाला वाटला, म्हातारपन हाय.” सासरे शेवटी आंधळे होते, हे मलाही माहीत होतं. मी कधी विचार केला नव्हता.

केंद्रातल्या लोकांनी त्याची दीड वर्षाची चित्रं पुन्हा तपासली. बरीचशी ठीक निघाली. पण एका ताज्या दरडीचं चित्र कडेला तुटलं होतं आणि त्याने ते तसंच जाऊ दिलं होतं. चूक लक्षात येईतो तिथे वादळाची धूळ बसली होती, चित्र पुन्हा घेऊन उपयोग नव्हता. मॅडमनी हे त्याला अगदी हळू आवाजात सांगितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो घरी येऊन म्हणाला.

त्याला पत्रव्यवहाराचं काम दिलं. आठ दिवस गेला, मग राजीनामा देऊन आला. आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

आता संध्याकाळी आम्ही फिरायला जातो. तो माझा दंड धरतो. परवा सिग्नलला उभे असताना त्याने विचारलं, “त्या दिवशी तू गप्प राहिली असतीस तर?”

“मला माहीतच नव्हतं रे.”

“माहीत असतं तर?”

थोड्या वेळाने त्याने विचारलं, डावीकडून गाडी येतेय का. येत होती. आम्ही थांबलो.