एकाने चालायचं, एकाने ऐकायचं

माझे बाबा सुतार. खुर्च्या-टेबलं कुणीही करावीत, बाबांची ख्याती कुरकुरणाऱ्या लाकडी जमिनी गप्प करण्याची. गिऱ्हाइकं त्यांना डॉक्टर म्हणत, कारण ते जमिनीला कान लावून पालथे पडत आणि आई खोलीभर चालत राही. फळी वाजली की बाबा खडूने फुली मारत, तिथे खालच्या वाशापर्यंत स्क्रू पिळत, फळ्या एकमेकींवर घासू नयेत म्हणून फटीत शंखजिऱ्याची गुळगुळीत पूड भरत. दोघांत बोलणं फारसं नसे. "हं, चाल," एवढंच.

आई जाऊन चार महिने झाले. बाबा रडले नाहीत. मीही नाही. मला काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचंच तेवढं वाईट वाटायचं. बाबा दिवसभर खोलीत येरझारा घालत, आणि आमची स्वतःची जमीन, जिच्याकडे बघायला डॉक्टरांना कधी सवड झाली नव्हती, पावलागणिक बोंबलत असे. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या नाकी नऊ आले. त्यांनी घरमालकाच्या कानावर घातलं. "महिनाअखेरपर्यंत आवाज थांबवा, नाहीतर खोली सोडा," घरमालक म्हणाला.

आईने जिथे डोळे मिटले ती खोली सोडायची म्हटल्यावर मात्र बाबांनी मनावर घेतलं. रविवारी सकाळी त्यांनी हत्यारांची पेटी काढली. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते.

"हं, चाल," खोलीतून बाबांचा आवाज आला.

थोडा वेळ गेला.

"अगं चाल ना! किती वेळ लोळत ठेवणार आहेस मला?"

मी हात पुसत दारात आले. बाबा जमिनीला कान लावून, डोळे मिटून पडले होते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी चपला काढल्या आणि चालायला लागले.

तीन फळ्या वाजल्या. बाबांनी डोळे उघडले, माझे पाय बघितले. "तुझं पाऊल हलकं पडतं," म्हणाले. "जरा दाबून चाल." मग फुल्या मारल्या, स्क्रू पिळले, पूड भरली. हात सराईत, चेहरा कोरा. दुपारी पुन्हा कान लावला. मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालले. सगळ्या फळ्या गप्प. खोली वाचली.

"झालं ना बाबा? उठा आता."

ते उठले नाहीत. गाल तसाच जमिनीला टेकलेला. "चाल," म्हणाले, "थांबू नकोस." आणि त्यांचे खांदे गदगदायला लागले. माझेही डोळे वाहायला लागले, चार महिन्यांनी. मी डोळे पुसत चालत राहिले.